‘डिफॉल्ट’ आणि ‘अदर’

पतसंस्थेकडे दोन डेटाबेस होते आणि दोन्ही रोजच्या वापरात होते. जुना मायएसक्यूएलवरचा: सभासद, ठेवी, कर्जखाती, पिग्मीचे हप्ते, सगळं त्यात. तो दुसऱ्या एका कंपनीच्या लेखा-सॉफ्टवेअरचा भाग होता आणि लेखापरीक्षण होईस्तोवर त्याच्या रचनेला कुणी हात लावायचा नाही, असं संचालक मंडळानं बजावलं होतं. नवा डेटाबेस पोस्टग्रेसवरचा. सभासदाला मोबाइलवर आपलं खातं दिसावं, कर्जाचा अर्ज घरबसल्या भरता यावा, यासाठी पुण्यातली एक छोटी टीम जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये ॲप बांधत होती, त्या ॲपचा हा डेटाबेस. ॲप जुन्यातून वाचणार होतं, नव्यात लिहिणार होतं, आणि पत्ता किंवा वारसदार बदलला तर दोन्हीकडे लिहिणार होतं.

माझ्याकडे काम आलं ते चाचण्यांचं.

जँगोला दोन डेटाबेस जोडणं अवघड नाही. सेटिंग्जमध्ये दोन नोंदी करायच्या, एकीला ‘डिफॉल्ट’ म्हणायचं, दुसरीला हवं ते नाव द्यायचं, आणि कुठलं मॉडेल कुठे राहतं हे सांगणारा एक राउटर लिहायचा. दुपारपर्यंत पानं दिसू लागतात. पण एका डेटाबेसवरच्या चाचणीत ज्या गोष्टी न मागता मिळतात, म्हणजे चाचणी संपली की सगळं पूर्ववत होणं, मध्येच काही बिघडलं तर सगळं मागे जाणं, लिहिलेलं लगेच वाचता येणं, त्यांतली एकही दुसऱ्या डेटाबेससोबत आपसूक येत नाही. प्रत्येक मागून घ्यावी लागते, आणि मिळाली की नाही हे स्वतः पाहावं लागतं. लोकांच्या ठेवींशी निगडित कामात हे पाहणं मला ॲप बांधण्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

जँगो जन्मला अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावातल्या एका वृत्तपत्राच्या कचेरीत. २००५ साली तो सर्वांसाठी खुला झाला. बातम्यांच्या संकेतस्थळांना एक डेटाबेस पुरत होता, त्यामुळे सेटिंग्जमध्ये डेटाबेसचं नाव, वापरकर्ता, पासवर्ड यांना एकेकच जागा होती. सप्टेंबर २००८ मध्ये कॅलिफोर्नियात जँगोकॉन ही जँगोवाल्यांची परिषद भरली. तिथे फ्लिकरच्या कॅल हेंडरसन यांनी आपल्याला जँगोचा राग का येतो, याच विषयावर भाषण केलं, आणि एकाहून जास्त डेटाबेस वापरता येत नाहीत ही त्यातली एक ठळक तक्रार होती. पुढच्या वर्षी गूगलच्या ‘समर ऑफ कोड’ उपक्रमात ॲलेक्स गेनर या विद्यार्थ्यानं ते काम अंगावर घेतलं. डिसेंबर २००९ मध्ये रसेल कीथ-मॅगी यांनी ते मुख्य कोडमध्ये आणलं आणि मे २०१० मध्ये १.२ या आवृत्तीतून ते सगळ्यांच्या हाती पडलं. कोड सामावून घेताना लिहिलेल्या टिपणात मदत करणाऱ्यांची नावं आहेत, आणि त्यांत तक्रार केल्याबद्दल हेंडरसन यांचेही आभार आहेत. तक्रार करणाऱ्यालाही कामाचा वाटेकरी मानणारी ही रीत मला मनापासून आवडते.

आमच्या चाचण्या लिहिण्याआधी मी जँगोच्या स्वतःच्या चाचण्या वाचायला घेतल्या. त्यांच्या कोडमध्ये ‘मल्टिपल डेटाबेस’ नावाचा एक वेगळा फोल्डरच आहे. तिथल्या चाचण्यांत ‘प्रो जँगो’ हे पुस्तक ‘डिफॉल्ट’मध्ये टाकलं जातं आणि ‘डाइव्ह इंटू पायथन’ हे ‘अदर’ नावाच्या दुसऱ्या डेटाबेसमध्ये. मग प्रत्येक पुस्तक आपापल्या जागी सापडतं का, हे पाहिलं जातं. आणि लगेच उलटाही प्रश्न विचारला जातो: ‘डिफॉल्ट’मधलं पुस्तक ‘अदर’मध्ये मागितलं तर ‘असं काही नाही’ असंच उत्तर येतं ना? हा दुसरा प्रश्न मला फार मोलाचा वाटला. जे हवं ते हव्या जागी आहे, एवढं सगळेच तपासतात. नको तिथे ते नाही, हे तपासायला वेगळी शिस्त लागते.

त्याच फोल्डरमध्ये चाचणीपुरते लिहिलेले राउटर आहेत. एक फक्त लिहिण्याबद्दल मत देतो, वाचण्याबद्दल गप्प राहतो. दुसरा मूळ डेटाबेस आणि त्याची वाचनापुरती प्रत, म्हणजे रेप्लिका, यांच्यासारखा वागतो. मात्र एका बाजूचे बदल दुसऱ्या बाजूला पोचतात असं तो गृहीत धरत नाही, अशी नोंद त्याच्यावर आहे. ती नोंद पुढे आमच्या फार उपयोगी पडली.

आणखी एक गोष्ट तिथेच कळली. जँगोच्या चाचण्या चालवायच्या तर ‘डिफॉल्ट’ आणि ‘अदर’ ही दोन्ही एकाच जातीच्या इंजिनावर हवीत, फक्त नावं वेगळी, असं त्यांचं मार्गदर्शन सांगतं. त्यांच्या दृष्टीनं ते रास्तच आहे. क्वेरी योग्य डेटाबेसकडे वळते का, एवढंच त्यांना तिथे पाहायचं असतं. पोस्टग्रेसवर, मायएसक्यूएलवर, ओरॅकलवर त्या चाचण्या वेगवेगळ्या चालतात. पण एका बाजूला पोस्टग्रेस आणि दुसऱ्या बाजूला मायएसक्यूएल, ही आमची जोडी कुणीच आमच्यासाठी तपासून ठेवलेली नव्हती. मधला भाग पूर्णपणे आमचा होता.

पहिलीच अडचण अगदी पायातली. जुनी टेबलं दुसऱ्या कंपनीची, म्हणून मॉडेलमध्ये ती ‘मॅनेज्ड’ नाहीत असं लिहिलेलं. म्हणजे जँगोनं ती बनवायची नाहीत, बदलायची नाहीत. चाचणी सुरू होते तेव्हा जँगो ‘टेस्ट’ हा उपसर्ग लावून प्रत्येक डेटाबेसची एक कोरी आवृत्ती तयार करतो आणि त्यात मायग्रेशन चालवून टेबलं उभी करतो. जी टेबलं आपली नाहीत ती अर्थातच उभी राहत नाहीत. त्यामुळे जुन्या बाजूची प्रत्येक चाचणी ‘टेबल सापडत नाही’ म्हणून पडत होती.

यावर एक सोपा उपाय नेटानं सुचवला जातो: चाचणीपुरतं सगळं ‘मॅनेज्ड’ करून टाका, जँगो मॉडेलवरून टेबलं बनवील. मला तो पटला नाही. तसं केलं की आपण तपासतो ते आपल्याच कल्पनेतलं टेबल. प्रत्यक्षातलं टेबल तसंच आहे की नाही, हा प्रश्न तसाच राहतो. म्हणून आम्ही जुन्या डेटाबेसची फक्त रचना मागून घेतली. एकही सभासद नाही, एकही रक्कम नाही, निव्वळ टेबलांची मांडणी. सभासदांची माहिती प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर येता कामा नये, हा नियम त्यामुळे पाळला गेला. मग जँगोच्या टेस्ट रनरमध्ये एक पायरी वाढवली: कोरे डेटाबेस तयार झाले की रचनेची ही फाइल मायएसक्यूएलवर चालवायची.

त्या फाइलनं लगेच एक गोष्ट उघड केली. बाकीची टेबलं इनोडीबी या स्टोरेज इंजिनवर होती. वारसदारांचं टेबल मायआयसॅमवर. मायएसक्यूएलचं डिफॉल्ट इंजिन ५.५ या आवृत्तीपासून इनोडीबी झालं. हे टेबल त्याआधीचं असावं आणि कुणी ते बदललं नसावं. मायआयसॅमला ट्रान्झॅक्शन कळत नाही. तिथे लिहिलं की लिहिलं, मागे घेणं नाही. मॉडेलवरून टेबलं बनवली असती तर ती निमूटपणे इनोडीबीवर उभी राहिली असती आणि चाचण्या हिरव्या दिसल्या असत्या.

आता चाचण्या एकमेकींपासून अलग ठेवण्याबद्दल. जँगोच्या ‘टेस्टकेस’ची युक्ती साधी आहे. चाचणी सुरू होताना डेटाबेसवर ट्रान्झॅक्शन उघडायचं, ती संपली की रोलबॅक करायचा. पुसापुशी करावी लागत नाही, कारण काही कायमचं लिहिलं गेलेलंच नसतं. पण हे ट्रान्झॅक्शन कुठल्या डेटाबेसवर उघडायचं? २.२ या आवृत्तीच्या आधी, वेगळं सांगितलं नाही तर ते फक्त ‘डिफॉल्ट’वर उघडलं जाई. सगळे डेटाबेस हवे असतील तर चाचणीच्या क्लासवर ‘मल्टी डीबी’ हा फ्लॅग लावावा लागे. तो लावायचा राहिला तरी दुसऱ्या डेटाबेसमध्ये लिहायला कुणी अडवत नसे. फक्त लिहिलेलं मागे घेतलं जात नसे. मग पुढच्या चाचणीला मागच्या चाचणीचे सभासद भेटत. एकटी चालवली तर हिरवी, सगळ्यांबरोबर चालवली तर लाल, क्रम बदलला की पुन्हा हिरवी. ज्यांनी त्या काळात अशा प्रकल्पांत काम केलं आहे त्यांना हे दुखणं ओळखीचं असेल.

एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या २.२ नं भूमिकाच बदलली. आता प्रत्येक चाचणीच्या क्लासनं आपण कुठल्या डेटाबेसला स्पर्श करणार हे नाव घेऊन सांगायचं. न सांगितलेल्या डेटाबेसकडे एकही क्वेरी गेली की चाचणी तिथेच पडते आणि संदेश येतो की या चाचणीत अमुक डेटाबेसला क्वेरीची परवानगी नाही, हवी असेल तर तो यादीत घाला. शिवाय ज्या डेटाबेसची कुणालाच गरज नाही तो टेस्ट रनर तयारही करत नाही, त्यामुळे वेळ वाचतो. आम्ही त्या वेळी ३.२ वर होतो, म्हणजे ही कडक वागणूक आम्हाला आयती मिळालेली होती. जुन्या बाजूचं कनेक्शन जोडून ॲपच्या आधीच्या चाचण्या चालवल्या तेव्हा पडदाभर तोच संदेश आला.

टीममधली सर्वांत नवी प्रोग्रामर म्हणाली, “ताई, यादीऐवजी सगळीकडे ‘ऑल’ लिहून टाकूया ना. तशी सोय आहे त्यात.”

सोय आहे, खरंच आहे. पण मी तिला म्हटलं, “अगं, आधी ही चाचणी तिकडे जातेच का, ते तर बघू.” आम्ही दोघी एकेक पडलेली चाचणी उघडत बसलो. कर्जाच्या अर्जांची यादी दाखवणारं पान पूर्णपणे नव्या डेटाबेसचं होतं. त्याला जुन्याकडे जायचं कारण नव्हतं. तरी ते जात होतं. अर्जाचं नाव दाखवणाऱ्या दोन ओळींत सभासदाचा जुना खातेक्रमांक जोडलेला होता, आणि तो प्रत्येक अर्जासाठी मायएसक्यूएलमधून एक-एक करून आणला जात होता. यादीत जितके अर्ज, तितक्या फेऱ्या, त्याही दुसऱ्या शहरातल्या सर्व्हरकडे. ‘ऑल’ लिहिलं असतं तर ही चाचणी हिरवी झाली असती आणि शाखेतल्या काउंटरवर पान उघडायला लागणारा वेळ सभासदांनी भोगला असता. खातेक्रमांक अर्जाच्या नोंदीतच साठवायचं ठरलं आणि त्या चाचणीच्या यादीत ‘डिफॉल्ट’ एवढंच नाव राहिलं. परवानगी नाकारणारी चाचणी इतकं काही सांगते, हे मला तोवर इतक्या स्पष्टपणे दिसलं नव्हतं.

मजकुराची तुलना हा या सगळ्या कामातला मला सर्वांत जवळचा भाग, कारण तिथे प्रश्न थेट मराठीचा होता.

सभासदाच्या पत्त्यातलं गाव जुन्या डेटाबेसमधून वाचायचं आणि नव्या डेटाबेसमधल्या गावांच्या यादीत शोधायचं, असं एक काम होतं. सातारा जिल्ह्यातलं ‘कऱ्हाड’ घ्या. यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र संगणकात दोन रीतींनी लिहिला जातो. एका रीतीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि पुढे हलन्त. दुसऱ्या रीतीत साधा ‘र’, हलन्त आणि त्यानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह. बहुतेक फाँटमध्ये दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात. कीबोर्ड कुठला, टंकलेखन कुठल्या पद्धतीचं, यावर कुठला क्रम साठवला जातो ते ठरतं. शिवाय घाईत रफार देऊन लिहिलेलं ‘कर्हाड’ असतंच. म्हणजे एकाच गावाचे तीन वेगवेगळे अक्षरक्रम.

जुन्या टेबलांचं कोलेशन, म्हणजे मजकुराच्या तुलनेचे नियम, युनिकोडच्या क्रमवारीवर बेतलेलं होतं. त्या क्रमवारीत न दिसणारं जोडचिन्ह हिशेबात घेतलं जात नाही, आणि मायएसक्यूएलच्या त्या कोलेशनमध्ये ‘र’ आणि ‘ऱ’ यांतला नुक्त्याचा, म्हणजे खालच्या टिंबाचा, फरकही तुलनेत धरला जात नाही. त्यामुळे तिथे तिन्ही कऱ्हाडं एकच. पोस्टग्रेस मात्र नेहमीच्या मांडणीत समानता पाहताना बाइटला बाइट जुळवतो. तिथे तिन्ही वेगळी. जुन्याकडून आलेलं गाव नव्यात सापडलं नाही तर नवीन नोंद करायची, असं कोड असेल तर एका तालुक्याच्या ठिकाणाची तीन गावं होणार आणि शाखानिहाय अहवालात तीन ओळी येणार. शून्य ठेवी असलेल्या ओळीकडे बघून शाखाधिकाऱ्यानं काय समजायचं?

हे चाचणीत दिसायचं तर दोन्ही बाजूंना खरी इंजिनं हवीत. बरेच प्रकल्प वेगासाठी चाचणीत दोन्ही डेटाबेस एसक्यूलाइटवर, तेही नुसत्या मेमरीत, चालवतात. एसक्यूलाइट दोन्ही बाजूंना बाइट जुळवतो, म्हणजे दोन्ही बाजूंचं उत्तर एकसारखं येतं आणि फरक नाहीसा होतो. तो रकान्याची लांबीही सक्तीनं पाळत नाही. पन्नास अक्षरांच्या रकान्यात दोनशे अक्षरं मावून जातात. आम्ही चाचण्यांसाठी दोन्ही सर्व्हर डॉकरमध्ये उभे केले. वेळ वाढला. तो वाढवावाच लागतो असं माझं ठाम मत आहे.

उपाय जोडणीच्या जागीच केला. जुन्याकडून येणारा प्रत्येक मजकूर आधी युनिकोडच्या एनएफसी रूपात आणायचा. त्यानं ‘र’ आणि वेगळा नुक्ता एकत्र येऊन ‘ऱ’ होतो. अदृश्य जोडचिन्हाचं काम मात्र एनएफसी करत नाही, म्हणून ‘र, हलन्त, जोडचिन्ह’ या क्रमाच्या जागी ‘ऱ, हलन्त’ ठेवणारी एक ओळ वेगळी लिहिली. शेवटच्या रिकाम्या जागा छाटल्या. रफाराचं ‘कर्हाड’ आपोआप बदललं नाही. ते माणसानं बघावं म्हणून बाजूला काढलं, कारण प्रत्येक रफार चुकीचा नसतो. या प्रत्येक वाक्यासाठी एक चाचणी आहे.

ट्रान्झॅक्शनची गोष्ट याहून गंभीर. पत्ता बदलण्याच्या कोडभोवती ‘ॲटॉमिक’चं कवच होतं आणि वाचणाऱ्याला वाटे की आतलं सगळं एकतर होईल किंवा काहीच होणार नाही. जँगोत ‘ॲटॉमिक’ एका वेळी एकाच कनेक्शनला लागू होतं. नाव दिलं नाही तर ‘डिफॉल्ट’ला. आत राउटरनं एखादं लेखन दुसऱ्या डेटाबेसकडे वळवलं तर ते या कवचाच्या बाहेरच असतं. कुठलीही सूचना येत नाही.

चाचणी अशी लिहिली: जुन्या बाजूला पत्ता बदलू द्यायचा, मग नव्या बाजूला इतिहासाची नोंद करताना मुद्दाम त्रुटी उठवायची आणि नंतर जुन्या बाजूचा पत्ता वाचायचा. तो बदललेलाच निघाला. नव्या डेटाबेसमध्ये त्या बदलाचा मागमूस नाही, आणि जुन्यात नवा पत्ता. लेखापरीक्षकानं ‘हा पत्ता कुणी, कधी बदलला’ असं विचारलं असतं तर उत्तर नव्हतं.

दोन्ही कनेक्शनांवर नाव देऊन ‘ॲटॉमिक’ लावलं. चाचणी हिरवी झाली, वारसदारांची सोडून. तिथे मायआयसॅम आडवं आलं; ‘ॲटॉमिक’ लावूनही लिहिलेलं मागे जाईना. पण मला अधिक काळजी होती ती एका बारीक फटीची. एकात एक ‘ॲटॉमिक’ ठेवले की आतलं आधी कमिट, म्हणजे पक्कं, होतं, बाहेरचं नंतर. त्या दोहोंच्या मध्ये सर्व्हर बंद पडला तर एक बाजू झालेली, एक राहिलेली. पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन आधी तयार ठेवून मग पक्कं करण्याची सोय आहे, मायएसक्यूएलमध्ये एक्सए नावाची तशीच सोय आहे. जँगोचं ‘ॲटॉमिक’ मात्र या दोहोंना एकत्र बांधत नाही. आणि जुना सर्व्हर आमच्या मालकीचाही नव्हता.

म्हणून रचना बदलली. आधी नव्या डेटाबेसमध्ये ‘हा बदल करायचा आहे’ अशी नोंद कमिट करायची. ती पक्की झाल्यावरच जुन्या बाजूला लिहायचं, आणि ते झालं की नोंदीवर ‘पूर्ण’ लिहायचं. मध्येच थांबलं तर अपूर्ण नोंदी बघून तेच काम पुन्हा करायचं. दोनदा केलं तरी निकाल एकच राहील असं लिहायचं. पतसंस्थेच्या लेखापालांना हे समजावून सांगत होते, तर ते मध्येच म्हणाले, “मॅडम, हे आमचंच झालं की. आधी रोजकीर्द, मग खतावणी. खतावणी राहिली तर रोजकीर्द बघून पुन्हा करता येते.” त्यानंतर टीममध्ये त्या टेबलाचं नाव रोजकीर्द असंच पडलं, आणि कोडमध्येही तेच आहे.

याच्या चाचण्या साध्या टेस्टकेसमध्ये बसत नाहीत. तिथे सगळं बाहेरच्या ट्रान्झॅक्शनमध्ये चालतं, खरं कमिट कधी होतच नाही, त्यामुळे कमिटनंतर चालायचं कोड एरवी चालतच नाही. ३.२ मध्ये ते पकडून चालवण्याची एक सोय आली आहे, आणि बऱ्याच ठिकाणी ती पुरते. पण दोन कमिटांमधली फट पाहायची असेल तर ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’ लागतो. त्यात खरं कमिट होतं आणि चाचणी संपल्यावर टेबलं रिकामी केली जातात. तो हळू चालतो. पैशांशी संबंधित प्रवाहांसाठी आम्ही तो वापरला, बाकी ठिकाणी नाही.

आणखी एक चाचणी जँगोच्या कागदपत्रांतल्या इशाऱ्यावरून घेतली. एका डेटाबेसमधून वाचलेली वस्तू दुसऱ्यात सेव्ह केली तर तिची प्रायमरी की सोबत जाते, आणि तिकडे त्याच कीची दुसरी नोंद असेल तर तिच्यावर लिहिलं जातं. दोन्हीकडे सभासद क्रमांक १ पासून सुरू होत असतील तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

पुढे अहवालांसाठी पोस्टग्रेसची रेप्लिका आली. मूळ डेटाबेसमध्ये लिहिलेलं तिच्यात थोड्या उशिरानं पोचतं. जँगोच्या टेस्ट सेटिंग्जमध्ये यासाठी ‘मिरर’ आहे: चाचणीत रेप्लिका वेगळी बनवायची नाही, तिचं कनेक्शन मूळ डेटाबेसकडेच वळवायचं. मार्गदर्शनानुसार हेही ‘ट्रान्झॅक्शनटेस्टकेस’मध्येच वापरायचं, कारण कमिट न झालेलं लेखन दुसऱ्या कनेक्शनला दिसत नाही. पण मिररमध्ये उशीर शून्य असतो. प्रत्यक्षात जे बिघडतं, तेच तिथे बिघडू शकत नाही.

इथे जँगोच्या त्या राउटरवरची नोंद आठवली: बदल पोचतात असं गृहीत धरायचं नाही. मग एका वेगळ्या सेटिंग्ज फाइलमध्ये मिरर काढून टाकला आणि रेप्लिकेला स्वतःचा कोरा डेटाबेस दिला, ज्यात मूळ डेटाबेसमधलं कधीच काही येत नाही. उशीर अनंत. त्या फाइलवर ‘लिहा आणि लगेच दाखवा’ या जातीची सगळी पानं चालवली. अर्ज भरल्यावर पोचपावती दाखवणारं पान पडलं, हप्त्याची पावती देणारं पडलं. ही पानं आपलंच लेखन रेप्लिकेत शोधत होती. रेल्स या दुसऱ्या वेब फ्रेमवर्कनं याच प्रश्नावर ऑगस्ट २०१९ च्या ६.० आवृत्तीत एक उत्तर दिलं आहे: नुकतंच लिहिलेल्या वापरकर्त्याचं वाचनही ठरावीक काळ मूळ डेटाबेसकडेच पाठवायचं, आणि तिथे तो काळ न सांगितल्यास २ सेकंदांचा असतो. जँगोत असं काही तयार मिळत नाही. कागदपत्रांतला नमुना राउटरही उशिराचा विचार करत नाही, असं तिथेच प्रांजळपणे लिहिलेलं आहे. आम्ही रेल्ससारखाच नियम राउटरमध्ये लिहिला आणि पडलेली पानं उभी राहिली.

जुना डेटाबेस मायएसक्यूएल ५.७ वर होता. त्या आवृत्तीची मुदत ऑक्टोबर २०२३ मध्ये संपली, आणि जँगोनं ४.२ पासून तिचा आधार काढून घेतला. दोन इंजिनं जोडली की फ्रेमवर्कची पुढची पायरी दोन्हींपैकी जे मागे आहे त्याच्यावर अडते, हे तेव्हा प्रत्यक्ष अनुभवलं. जुन्या सॉफ्टवेअरची कंपनी ८.० वर जायला निघाली आणि टेबलं यूटीएफ८एमबी४ या अक्षरसंचात बदलणार असल्याचं त्यांनी कळवलं. आम्ही आमच्या रचनेच्या फाइलमध्ये तोच बदल करून चाचण्या चालवल्या. कऱ्हाडच्या सगळ्या हिरव्या राहिल्या. लाल झाल्या त्या शेवटच्या रिकाम्या जागेच्या. जुन्या नोंदींत गावाच्या नावापुढे चुकून राहिलेली एखादी मोकळी जागा आधीचं कोलेशन तुलनेत मोजत नव्हतं, ८.० चं डिफॉल्ट कोलेशन ती मोजतं. आमच्या शोधातलं नाव छाटलेलं, त्यांच्या टेबलातलं न छाटलेलं, त्यामुळे जे सभासद कालपर्यंत सापडत होते ते सापडेनात. कंपनीला चाचणीचा निकाल पाठवला. रूपांतर करताना डिफॉल्टवर न सोडता जुन्या नियमांचंच यूटीएफ८एमबी४ युनिकोड कोलेशन नाव घेऊन लिहायचं त्यांनी मान्य केलं. आमच्या टेस्ट सेटिंग्जमध्येही तेच लिहिलेलं आहे, आणि त्या मोकळ्या जागेची चाचणी आता दोन्ही इंजिनांकडून वेगवेगळ्या उत्तराची अपेक्षा ठेवते: मायएसक्यूएलवर गाव सापडलं पाहिजे, पोस्टग्रेसवर सापडता कामा नये.